सिगिरियात सम कुठाय?

गेले सात महिने मी गिटारवर एकच प्रकार घेऊन बसलेय आणि आता परिस्थिती अशी आहे की मी गिटारची केस उघडली की घरातले उठून दुसऱ्या खोलीत जातात. राग नाही कोणाचा, पण एकच लय, ती पण लंगडत चाललेली, रोज तासभर ऐकायची म्हणजे काय ते मलाही कळतं. या प्रकाराचं नाव सिगिरिया. श्रीलंकेतला तो दगडावरचा किल्ला वेगळा बरं का, त्याचा नि याचा काही संबंध नाही, पण मी सर्च केलं की निम्म्या वेळा तोच समोर येतो.

सिगिरिया हा फ्लामेंकोतला, म्हणजे दक्षिण स्पेनच्या गाणं-नाच-गिटारच्या परंपरेतला, एक प्रकार. फ्लामेंकोकडे मी आले ती बहुतेक सगळे येतात तशीच, पाको दे लुसिया या गिटारवाल्याची रुंबा ऐकून. रुंबा शिकले, मग तांगोस (नाचाचा तो अर्जेंटिनाचा टँगो नाही, हे वेगळं), मग फांदांगो, मग दीड वर्ष सोलेआ. या सगळ्यांना पालो म्हणतात, असे पन्नासच्या वर पालो आहेत. पालो म्हणजे नुसता ताल नाही आणि नुसता राग पण नाही, ताल, सुरांची चौकट, गाणं कुठल्या भावाचं, वेग किती, शेवट कसा करायचा हे सगळं मिळून एक पालो. त्यामुळे नवीन पालो शिकायचा म्हणजे नवीन गाणं बसवणं नव्हे, ते पुन्हा पहिलीत बसण्यासारखं आहे, फक्त बोटं तेवढी दहावीतली असतात. आणि मोठी अडचण तीच आहे, बोटांना वाटतं आपल्याला येतं.

मला शिकवणाऱ्या बाई दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या, व्हिडिओ कॉलवर शिकवतात. आमची भाषा म्हणजे त्यांचं मोडकं इंग्रजी अधिक माझं त्याहून मोडकं स्पॅनिश. तिकडे शिक्षकांना सरळ नावाने हाक मारायची पद्धत, मीही मारते, पण मनात त्या कायम बाईच. सोलेआ झाल्यावर मी म्हटलं आता सिगिरिया शिकवा. बाई म्हणाल्या, आधी आलेग्रियास घे, आनंदी आहे, मेजर स्केल आहे, तुला बरं वाटेल. मी म्हटलं नाही, सिगिरियाच. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या ठीक आहे, पण मग माझ्याशी भांडायचं नाही. तेव्हा हसले होते मी.

आता थोडं तालाबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. फ्लामेंकोत तालचक्राला कंपास म्हणतात. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोळ्यासमोर शाळेची कंपासपेटीच आली, आणि गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही वर्तुळ काढायच्या त्या यंत्राला हाच शब्द आहे. सोलेआचा कंपास बारा मात्रांचा. जोर कुठे, तर ३, ६, ८, १० आणि १२ वर. एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ दहा अकरा बारा असं म्हणून बघा, आणि या पाच ठिकाणी टाळी द्या. आधी तिनाच्या दोन लांब उड्या, मग दोनाच्या तीन छोट्या. आपल्या कानाला सगळ्यात विचित्र वाटतं ते म्हणजे यात वाक्य संपतं ते दहावर. एकवर यायचं नसतं, दहावर पोचायचं, मग अकरा-बारा श्वास. माझ्या दादाला (तो तबला वाजवतो, त्याचं येईलच पुढे) हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला म्हणजे सम दहाव्या मात्रेवर? (सम म्हणजे तालचक्राची पहिली मात्रा, जिथे सगळं येऊन मिळतं.) मी म्हटलं सम नाही रे, पण हो, साधारण तसंच. त्याला ते पटलं नाही, पण त्याने चालवून घेतलं.

तर सोलेआ माझ्या अंगात अशी मुरली होती की भांडी घासतानासुद्धा दहावर हात थांबायचा.

बाईंनी एक घड्याळ काढून पाठवलं. खरंच घड्याळाची तबकडी, त्यात १२, ३, ६, ८, १० वर लाल ठिपके. म्हणाल्या सोलेआ तू १ पासून मोजतेस. बुलेरिया हा दुसरा पालो लोक १२ पासून मोजतात. सिगिरिया हेच घड्याळ आहे, फक्त ८ ला सुरू होतं. झालं. मला वाटलं एवढंच? म्हणजे काटा जरा फिरवून ठेवायचा, बाकी सगळं येतंच की आपल्याला. आठपासून निघालं तर अंतरं कशी येतात बघा, आठ ते दहा दोन, दहा ते बारा दोन, बारा ते तीन तीन, तीन ते सहा तीन, आणि सहा ते परत आठ दोन. दोन दोन तीन तीन दोन. म्हणजे पाच ठोके, त्यातले तिसरा आणि चौथा लांब. पाश्चात्त्य नोटेशनवाले हे तीन-चार आणि सहा-आठच्या बारमध्ये आलटून पालटून लिहितात आणि वर पुन्हा सुरुवात बारच्या मध्यातूनच होते, त्यामुळे कागदावर ते जे काही दिसतं ते बघून शहाण्या माणसाने गिटार ठेवून द्यावी.

मी तीन आठवड्यांत दोन फाल्सेता बसवल्या. फाल्सेता म्हणजे गाण्याच्या ओळींच्या मधे गिटारवाला जे छोटे सुरेल तुकडे वाजवतो ते. अंगठ्याचं काम होतं, जुन्या पद्धतीचं, मला आवडतं तसलं. रेकॉर्ड केलं, तीनदा ऐकलं, स्वतःवरच खूश झाले आणि बाईंना पाठवून दिलं.

उत्तर आलं, छान वाजवलंस, पण ही सोलेआ आहे.

मी भांडले. (करार मोडला.) म्हटलं कशी सोलेआ, सूर सिगिरियाचे, तुकडे तुम्हीच दिलेले, मात्रा मोजून बारा, मी आठ नऊ दहा अकरा बारा एक दोन अशी मोजतेय, कुठे चुकतेय दाखवा. बाई म्हणाल्या तेच तर, तू दहाला पोचलीस की घरी आल्यासारखी वाजवतेस. सिगिरियात तो दहा म्हणजे अजून दुसराच ठोका आहे, प्रवास आत्ता कुठे सुरू झालाय, आणि तू चपला काढून बसतेस.

मग मी परत रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला ते ऐकू आलं. खरंच प्रत्येक चक्रात दुसऱ्या ठोक्यावर मी किंचित टेकत होते, नकळत, आणि मग तिसऱ्या लांब ठोक्याला परत उठून चालायला लागत होते. आकडे बरोबर होते, कान चुकीचा होता. आकड्यांनी ते दुरुस्त होणारही नव्हतं कारण दहा हा आकडाच माझ्या डोक्यात थांबा म्हणून कोरलेला. म्हणून बाई म्हणाल्या बाराचे आकडे टाक, पाच मोज. तिकडे असं मोजतात, ऊनो ई, दोस ई, त्रेस ई आ, क्वात्रो ई आ, सिंको ई. ऐकायला झकास. पण मराठी जिभेला क्वात्रो म्हणेपर्यंत मात्रा निघून जाते, सिंकोला दोन अक्षरं वर ई, आणि मी त्या लांब ठोक्यांमधला आ दर वेळी गिळून टाकायचे. म्हणजे तीनाचे अडीच व्हायचे. महिनाभर हे असं चाललं.

यात व्हिडिओ कॉलचं एक दुखणं वेगळंच आहे. ज्यांनी ऑनलाइन संगीत शिकलंय त्यांना माहिती असेल, आवाज पोचायला जो बारीकसा उशीर होतो त्यामुळे दोघांना एकत्र वाजवताच येत नाही. समोरासमोर असतो तर बाईंनी टाळ्या दिल्या असत्या आणि मी त्यावर चालले असते, प्रश्नच मिटला असता, तिकडे सगळे तसेच शिकतात, लहानपणापासून टाळ्यांमध्येच वाढतात. त्या टाळ्यांना पाल्मास म्हणतात, त्यातही दोन प्रकार, पोकळ तळव्यांची दबकी टाळी आणि बोटं तळव्यावर मारून काढलेली खणखणीत टाळी. गाणारा हळू गात असेल तर दबकी. बाईंनी मग मला नुसत्या दबक्या टाळ्यांची वीस मिनिटांची फाइल करून पाठवली, मधे एकदा मागे कुत्रं भुंकतं, एकदा दार आपटतं, आणि टाळ्या चालूच. माझ्याकडे कंपासची दोन अ‍ॅप आहेत पण मी अजून तीच फाइल वापरते. कुत्रं भुंकलं की अकरा मिनिटं झाली.

आता दादा.

एका रविवारी मी ती फाइल लावून ऊनो ई दोस ई करत बसले होते, दादा आत आला, दाराला टेकून दोन-तीन चक्रं ऐकली, मांडीवर बोटं आपटायला लागला आणि म्हणाला, सम कुठाय? मी म्हटलं माहीत नाही. म्हणजे? म्हणजे पहिल्या ठोक्यावर फार काही पडत नाही, संपतं ते पण असं धाडकन संपत नाही, मला ते सापडत नाहीये म्हणून तर बसलेय. तो म्हणाला बारा म्हणजे एकताल धर. धरून बघितलं, एकताल दोन-दोनाच्या सहा सरळ खणांचा, तिकडचे तीन-तीन आले की दोघं दोन दिशांना. मग त्याने झपताल आठवून बघितला, दोन तीन दोन तीन, म्हणाला ही लंगड त्याच्या जवळची आहे. मग जरा वेळ गप्प बसून म्हणाला, रूपकात बघ, सात मात्रा, आणि समेलाच खाली असते, जिथे जोर पाहिजे तिथेच मोकळं ठेवलेलं, तरी आपण हरवत नाही, का? कारण आपण मोजत नाही, ठेका म्हणतो. तुझ्या ह्याचा ठेका काय? मी म्हटलं यांना ठेक्याचे बोल नसतात. तो म्हणाला नसतात म्हणजे काय, आपण देऊ. दोन दोन तीन तीन दोन ना? तक तक तकिट तकिट तक.

मी थोबाडीत मारल्यासारखी बसून राहिले. तक तक तकिट तकिट तक. एवढंच होतं ते. चार आठवडे मी जो आ गिळत होते तो तकिटमध्ये गिळताच येत नाही, ट येईपर्यंत जीभ पुढे जाऊ देत नाही. आम्ही दोघं पंधरा मिनिटं टाळ्यांच्या फाइलवर तेच म्हणत बसलो, आई डोकावून बघून गेली, काही बोलली नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा दुसऱ्या ठोक्यावर न टेकता पुढे गेले. थकून झोपले तरी डोक्यात तकिट तकिट चालूच.

दादाला अर्थातच आकाश ठेंगणं झालं. म्हणाला बघ, शेवटी आपलंच. आणि इथे मला जरा बोलायचंय, कारण फ्लामेंकोचं नाव काढलं की दहातले आठ जण मला हे सांगतात, फॉरवर्ड पण येतात. की हे सगळं भारतातून गेलंय. यात खरं काय आहे, तर रोमा (म्हणजे जिप्सी) लोकांची भाषा इंडो-आर्यन कुळातली आहे, ते पूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले हे भाषेच्या अभ्यासातून पक्कं झालंय, आणि स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद सापडते ती १४२५ ची. फ्लामेंकोत, आणि त्यातही सिगिरियात, अंदालुसियातल्या या हितानो लोकांचा वाटा फार मोठा. इतकंच काय, मानुएल दे फाया हा संगीतकार आणि कवी फेदेरिको गार्सिया लोर्का या दोघांनाही सिगिरिया म्हणजे कांते होंदोचा, खोल गाण्याचा, अस्सल नमुना वाटायचा आणि दोघांनीही तिचं नातं पूर्वेकडच्या संगीताशी जोडलं होतं. ही जुनी गाणी लोपतील या काळजीने त्यांनी १९२२ च्या जूनमध्ये ग्रानादाच्या आलाम्ब्रा किल्ल्यात स्पर्धा भरवली, हौशी गाणाऱ्यांसाठी, धंदेवाईकांना बंदी. तिथे बक्षीस मिळालेल्यांत एक सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता, एल तेनासास, आणि एक कोवळा मुलगा, जो पुढे मानोलो काराकोल म्हणून गाजला. मला ही जोडी फार आवडते, मधलं वय कुणाचंच नाही.

पण म्हणून आपलंच? सहाशे वर्षं झाली त्या लोकांना तिकडे. ज्यांनी तुरुंग भोगले, हद्दपारी भोगली, लोहारकाम करत गाणी रचली, त्यांचं ते आहे. तक तक तकिटने मला मोजता आलं याचा अर्थ एवढाच की दोन आणि तीनची बेरीज सगळीकडे सारखीच येते. तकिट लावून कुठलीही वाकडी लय मोजता येईल. दादाला हे सांगितलं तर म्हणाला तू नेहमीच अशी. असो.

हातांबद्दल लिहायचं राहिलं, गिटारवाले त्यासाठीच आले असतील.

सिगिरिया सहसा पोर मेदिओ वाजवतात, म्हणजे ए हे घर. सोलेआ मी पोर आरिबा शिकले होते, म्हणजे ई हे घर. ए कॉर्ड धरायची पण तिसऱ्या तारेवर बोट दुसऱ्या फ्रेटऐवजी तिसऱ्यावर ठेवायचं, की कॉर्डच्या पोटातच बी फ्लॅट वाजतो. ए ला सा धरलं तर तो कोमल रे. शुद्ध गंधाराच्या शेजारी, मोकळ्या सा च्या अंगावर घासणारा कोमल रे. आपल्या कानाला हे परकं वाटत नाही, भैरवी ऐकत वाढलेल्या माणसाला तर अजिबातच नाही, त्यामुळे सुरांशी मला कधी झगडावं लागलं नाही. मग बी फ्लॅटची पूर्ण कॉर्ड आणि परत ए. मधे सी, कधी एफ. डाव्या हाताला एवढंच काम. ज्यांना वाटतं फ्लामेंको म्हणजे बोटांची सर्कस त्यांनी सिगिरिया शिकावी, डावा हात निवांत असतो आणि घाम मात्र फुटतो.

उजव्या हाताचं तसं नाही. एक म्हणजे अंगठा. तार वाजवून अंगठा खालच्या तारेवर टेकायचा, बोटाची ताकद नाही लावायची, मनगट फिरलं पाहिजे, किल्ली फिरवतो तसं. मी आधी अंगठाच वाकवून वाजवत होते, सुर निघायचे पण ते बारीक, चिरके, बाईंच्या पाचव्या तारेचा आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा. दुसरं गोल्पे, म्हणजे गिटारच्या पोटावर अनामिकेने मारायचा ठोका, त्यासाठी तिथे प्लास्टिकचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो, नसेल तर मारू नका, लाकूड जाईल. मी सुरुवातीला पाचही ठोक्यांवर गोल्पे देत होते, दार ठोठावल्यासारखं. बाई म्हणाल्या सगळे दरवाजे ठोकू नकोस, एखादा उघडा ठेव. आणि तिसरं रास्गेआदो, करंगळीपासून एकेक बोट पंख्यासारखं उघडत तारांवरून न्यायचं. सोलेआतला माझा रास्गेआदो छान होता म्हणून मी तोच इथे त्या दोन तकिटमध्ये कोंबत होते आणि ते भरगच्च होऊन बसायचं. बाईंचा उपाय एकदम साधा, तिसऱ्या ठोक्यावर नुसतं तर्जनीने एकदा खाली, आणि थांब. उरलेल्या दोन मात्रा काहीही वाजवू नकोस. चौथ्यावर पाहिजे तर लांब रास्गेआदो घे. त्या दोन रिकाम्या मात्रा वाजवायला मला तीन आठवडे लागले, हे लिहिताना वेड्यासारखं वाटतंय पण खरंय. हात रिकामा राहतच नाही. तो काहीतरी करतोच, छोटासा अपस्ट्रोक, छोटीशी टकटक.

बसायचं कसं याचाही त्रास झाला थोडा. उजवा पाय डाव्यावर टाकून बसते मी, म्हणजे ताल धरायला उरतो तो डावा पाय, आणि माझा डावा पाय उजव्यापेक्षा मठ्ठ आहे. आता पाच ठोके देतो, पण लांब ठोक्यांना अजून किंचित घाई करतो.

तर, चौथ्या महिन्यात मी तकतकतकिट वर स्वार झाले, घड्याळासारखी वाजवायला लागले, परत रेकॉर्ड केलं, पाठवलं. मला वाटलं आता काय बोलणार. बाई म्हणाल्या, आता ही सिगिरिया आहे. (मी उड्या मारल्या.) मग म्हणाल्या, पण हिच्यावर कोणी गाऊ शकणार नाही.

इथे मला पहिल्यांदा लक्षात आलं की मी गाणं असं ऐकलंच नव्हतं. गिटार ऐकत होते सगळीकडे, गाणं चालू असलं तरी मागची गिटारच ऐकायचे, गाणारा म्हणजे मधला अडथळा. बाईंनी महिनाभर गिटारचे एकल तुकडे ऐकायला बंदी केली. म्हणाल्या मानुएल तोरे ऐक. हा गाणारा अंदालुसियातल्या हेरेसचा, १८७८ ते १९३३, रेकॉर्डिंग जुनी खरखरीत आहेत, गिटार मागे कुठेतरी डब्यात वाजतेय असं वाटतं, त्यामुळे आवाजाशिवाय पर्यायच नाही. मग तिया आनिका ला पिरिन्याका, तीही हेरेसची, ती म्हणायची की मनासारखं गाते तेव्हा माझ्या तोंडात रक्ताची चव येते. मी वाचलं तेव्हा वाटलं जरा जास्तच झालं. मग ऐकलं आणि गप्प बसले.

सिगिरियाच्या कडव्याला चार ओळी, पहिली, दुसरी आणि चौथी सहा अक्षरांची, तिसरी एकदम अकरा अक्षरांची. विषय मरण, आजारपण, तुरुंग, आई. एवढीशी कविता, वाचायला दहा सेकंद पण लागत नाहीत, आणि गायला दीड-दोन मिनिटं. कारण गाणारा एकेका अक्षरावर थांबतो, मोडतो, परत उचलतो, आणि एक ओळ किती चक्रांत संपणार हे ठरलेलं नसतं. अजिबात नसतं. आज दोन चक्रं, उद्या तीन. त्याचा श्वास संपला की ओळ संपली. गिटारवाल्याने चक्र तर सोडायचं नाही, पण चक्राच्या आत ताणायचं, ढिलं सोडायचं, बी फ्लॅटवर तो थांबलाय तोवर तिथेच थांबायचं, आणि तो ए वर उतरला की त्याच्याबरोबर उतरायचं, आधी नाही. आधी उतरलं की दार तोंडावर आपटल्यासारखं होतं. यासाठी बाईंनी मेल्चोर दे मार्चेना हा गिटारवाला ऐकायला सांगितला, त्याची साथ म्हणजे एकेक सुर असा टाकलेला की मधे तुम्ही वाट बघत राहता. त्याच्या निम्मे सुर तर मी एका चक्रात वाजवत होते.

मला हे शिकवायचं कसं, तर परत तोच व्हिडिओ कॉलचा उशीर. बाई गायल्या आणि मी साथ केली तर माझ्या बाजूला दोन्ही बरोबर ऐकू येणार, पण त्यांना माझी गिटार उशिराने जाणार आणि त्यांचा ताल बिघडणार. त्यांनी तोडगा काढला, मला म्यूट केलं. म्हणजे त्या गाणार, गिटार न ऐकता, समोर स्क्रीनवर माझे हात नुसते मुके हलताना दिसणार, आणि मी त्यांच्या मागे जाणार आणि माझ्याकडे दोन्ही रेकॉर्ड करून नंतर पाठवणार. बाई म्हणाल्या मी गायिका नाही बरं का, मी फक्त आमच्याकडे सगळे गातात तेवढं गाते.

पहिल्यांदा त्यांनी आय... असा सूर लावला, शब्द नाहीत, नुसता आय, आणि मी ठरल्याप्रमाणे चक्र सुरू केलं, तक तक तकिट, आणि त्या संपल्याच नाहीत. मी ए वर येऊन उभी, त्या अजून वर. चक्र परत सुरू केलं, मधेच त्या उतरल्या, मी बी फ्लॅटवर अडकलेली. दोन मिनिटांत पूर्ण वाताहत. आणि मजा म्हणजे त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, त्या डोळे मिटून शांतपणे गात होत्या, तिकडे सगळं ठीक चाललंय असं समजून, आणि इकडे मी एकटीच गटांगळ्या खातेय. रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांचं उत्तर, हसण्याचे सहा इमोजी आणि खाली एक वाक्य, तू मला पकडायला धावतेस, धावू नको, चालत राहा, मीच येईन.

तसे आम्ही आता अकरा-बारा वेळा केलंय. दर तासाच्या शेवटी पाच मिनिटं. सहाव्या-सातव्या वेळी एक झालं, तिसऱ्या लांब ओळीला त्या वर थांबल्या होत्या, मी चौथ्या ठोक्यावर रास्गेआदो उघडला आणि त्यांचा आवाज मोडून खाली आला तेव्हाच मी ए वर टेकले, एकाच क्षणी. मला माहीत नव्हतं त्या तेव्हा उतरणार आहेत. म्हणजे माहीत होतं, पण कसं ते सांगता येणार नाही. अंगावर काटा आला आणि पुढचं चक्र साफ चुकलं, कारण मी स्वतःचंच कौतुक करत बसले. फ्लामेंकोवाले याला पेयिस्को म्हणतात, शब्दशः चिमटा. रेकॉर्डिंगमध्ये तो दीड सेकंद आहे. मी तो दादाला ऐकवला, त्याने दोनदा ऐकला आणि म्हणाला, हां, ही सम. मी म्हटलं पण ही दर वेळी इथे नसते. तो म्हणाला मग रोज कुठे असते? मी म्हटलं ती गाणाऱ्याकडे असते. यावर त्याने मान हलवली, पटल्यासारखी की पेटी बंद करतात तशी, ते त्याचं त्याला माहीत.

दुसऱ्या पालोंवर काय परिणाम झाला तेही सांगते, कारण मला भीती होती की सोलेआ बिघडेल. बिघडली. दोन आठवडे सोलेआ लंगडायला लागली, दहावर टेकायची सवयच गेली. मग परत आली, पण आता अकरा-बारा मला रिकामे ठेवता येतात, आधी तिथे मी कायम काहीतरी खुडबुड करायचे.

सध्याची परिस्थिती: तीन फाल्सेता, एक धड शेवट, साथ पाचातल्या दोन वेळा जमते. सेहिया, म्हणजे आपला कॅपो, बाईंच्या आवाजासाठी तिसऱ्या फ्रेटला लावते, त्या म्हणतात तीनवर पोर मेदिओ आणि मला ते ऐकून उगाच आपण कोणीतरी असल्यासारखं वाटतं. आणि मागच्या बुधवारी उजव्या अनामिकेचं नख मुळापासून गेलं, गिटारने नाही, कपाटाच्या खणात अडकून. सुपरग्लू आणि टिश्यूचा जो काय जुगाड करतात तो करायलाही नख उरलेलं नाही. म्हणजे गोल्पे नाही, रास्गेआदो नाही, तीनेक आठवडे. बाईंना कळवलं तर म्हणाल्या मग टाळ्या दे, तुझी टाळी तशीही कच्ची आहे, गुरुवारी मी गाईन आणि तू नुसत्या टाळ्या.

दादा विचारतोय बसू का मी पण.